समुद्रावर गेलात आणि गाडीतलं सामान चोरीला गेलं तर? आधी काय काळजी घ्यायची, नंतर कुठे जायचं – सविस्तर माहिती

तुळिंज : सुट्टीचा दिवस उजाडला की तुळिंज, आचोळे भागातून दुचाकी निघतात, उड्डाणपूल ओलांडून पश्चिमेला जातात आणि कळंब, राजोडी, अर्नाळा, भुईगाव नाहीतर वसईच्या सुरुची बागेकडे वळतात. पावसाळ्यात हीच गर्दी चिंचोटी, तुंगारेश्वरच्या वाटेला लागते. गाडी सुरूच्या झाडांखाली लावायची, मोबाईल आणि पाकीट डिक्कीत टाकायचं, चप्पल काढायची आणि पाण्यात उतरायचं, हा नेहमीचा क्रम. परत आल्यावर डिक्कीचं कुलूप उचकटलेलं किंवा कारची काच फुटलेली दिसली की मग सुट्टीचा सगळा आनंद जातो.

चोरी 'किरकोळ' म्हणून सोडून दिली जाते. पण आज पाकीट गेलं म्हणजे नुसते पाचशे रुपये जात नाहीत. मोबाईलमध्ये कामाचे नंबर असतात, बँकेचा ओटीपी त्याच सिमवर येतो, रिक्षाचं किंवा डिलिव्हरीचं काम त्याच्यावरच चालतं. पिशवीत घराची किल्ली असेल आणि आधार कार्डावर घराचा पत्ता असेल, तर चोराला पुढचं ठिकाणही कळलं. म्हणून काय काळजी घ्यावी, चोरी झाल्यावर पहिल्या तासात काय करावं आणि कायद्याने आपल्याला काय मिळतं, याची ही माहिती.

पाण्याकाठीच असं का होतं?

बाजारात गाडी लावली तर माणूस दहा मिनिटांत परत येईल की तासाने, हे चोराला कळत नाही. समुद्रावर मात्र सगळं उघड असतं. माणूस कपडे बदलतो, पिशवी गाडीत टाकतो आणि पाण्याकडे चालायला लागतो. तो लगेच येणार नाही, हे बघणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

त्यात वसई-विरारचे किनारे सपाट. ओहोटीला पाणी एवढं लांब जातं की पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला आपली गाडी दिसतही नाही. मध्ये सुरूची दाट झाडं, घोडागाडी, खाण्याच्या टपऱ्या, गर्दी. तिसरं कारण म्हणजे गाडीपाशी वाकून काहीतरी करणारा माणूस इथे कुणाला वेगळा वाटत नाही. जो तो आपल्या डिक्कीतून टॉवेल काढत असतो, वाळू झटकत असतो.

वसईचं पाणी गढूळ, त्यामुळे पाण्याखाली उतरायची हौस असलेले लोक सिंधुदुर्गात मालवण, तारकर्ली, देवबाग, निवतीला जातात. तारकर्लीत पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा डायव्हिंगचं प्रशिक्षण केंद्रही आहे. तिथे तर बोट माणसाला समुद्रात आत घेऊन जाते आणि गाडी किनाऱ्यावर राहते. वर मोबाईल, चावी, पैसे अंगावर ठेवता येत नाहीत. लांबच्या गावची गाडी, आत बॅगा भरलेल्या, मालक बोटीवर, ही परिस्थिती कळंबपेक्षाही सोपी पडते. म्हणून बोटीचे पैसे भरण्याआधीच विचारावं : सामान ठेवायला कुलपाची सोय आहे का, आणि ते कोणाच्या ताब्यात राहणार?

चावी : सगळ्यात मोठी अडचण

पाण्यात जाताना चावी ठेवायची कुठे, याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. मग ती वाळूवरच्या बुटात, टॉवेलच्या घडीत नाहीतर गाडीच्या चाकावर ठेवली जाते. या तिन्ही जागा चोरालाही माहीत असतात. वाळूवरची पिशवी उचलली की आत रिमोटची चावी मिळते. पार्किंगमध्ये जाऊन बटण दाबलं की कोणती गाडी ते गाडीच दिवे लावून सांगते. काच फोडायचीही गरज उरत नाही.

यावर साधे उपाय आहेत.

– दुचाकीची साधी लोखंडी चावी मजबूत दोरीला बांधून कपड्याच्या आत, गळ्यात किंवा कमरेला बांधावी. खिशात सुटी ठेवू नये, लाटेत ती जाते.
– रिमोटची चावी खाऱ्या पाण्यात भिजली की आतलं सर्किट खराब होतं. ती पाणी न शिरणाऱ्या पाकिटात घालूनच जवळ ठेवावी. ते पाकीट घरी आधी कागदाचा तुकडा घालून बादलीत बुडवून तपासावं.
– बटणावर चालू होणाऱ्या कारची चावी कारच्या आत ठेवून 'दार लागलं' म्हणून निघून जाऊ नये. चावी आत असताना गाडी नीट कुलूपबंद होईलच असं नाही.
– सगळ्यात खात्रीचा उपाय जुनाच आहे : एक जण पाण्याबाहेर थांबतो, मग पाळी बदलायची. पाच जणांत हे सहज जमतं आणि पाण्यात कोणी अडचणीत आलं तर बाहेर एक माणूस शुद्धीवर आणि फोनसकट असतो.

निघण्याआधी आणि गाडी लावताना

चोर गाडी फोडतो ते आत काहीतरी दिसलं म्हणून, किंवा आत काहीतरी ठेवताना पाहिलं म्हणून. त्यामुळे डिक्कीत जे ठेवायचं ते घरून निघतानाच किंवा वाटेत पेट्रोल पंपावर ठेवून घ्यावं. किनाऱ्यावर पोहोचल्यावर सीट उचलून पाकीट आत टाकणं म्हणजे बघणाऱ्याला पत्ता देणं.

स्कूटरच्या सीटखालची जागा ही तिजोरी नाही, ती हेल्मेट ठेवायची जागा आहे. तिचं कुलूप हलकं असतं. तिथे जास्तीत जास्त टॉवेल आणि पाण्याची बाटली ठेवावी.

कारमध्ये सीटवर रिकामी पिशवीसुद्धा ठेवू नये. ती रिकामी आहे हे बाहेरून कळत नाही, काच मात्र फुटते. मोबाईल लावायचा स्टँड, चार्जरची वायर काढून ठेवावी. समोरचा कप्पा रिकामा करून उघडा ठेवला तर आत काही नाही हे बाहेरूनच दिसतं.

लायसन्स आणि आरसी बुक सोबत बाळगायची गरज उरलेली नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची प्रत वाहतूक पोलिसांनी ग्राह्य धरावी, असं केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. एटीएम कार्ड न्यायचं असेल तर एकच न्यावं. नुसतं टेकवून पैसे जाणाऱ्या कार्डावर ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिन न टाकता होऊ शकतो. ही सोय बँकेच्या ॲपमधून बंद करून ठेवता येते.

गाडी लावताना झाडीच्या आतली 'सावलीची' जागा सोडून टपरी, रिसॉर्टचं दार किंवा कॅमेरा समोर असेल अशी जागा घ्यावी. थेट वाळूत गाडी उतरवू नये, भरती आली की चोराच्या आधी समुद्रच गाडी नेतो. गाडी लावून झाली की मागून नंबर दिसेल असा एक फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवावा. फोन गेला तरी जागा आणि वेळ यांचा पुरावा राहतो.

आणि गाडीजवळ कोणी अनोळखी माणूस 'दादा, ऑईल गळतंय', 'ताई, तुमचे पैसे पडले' असं सांगायला आला, तर आधी दुसऱ्या बाजूचं दार बंद आहे का ते पाहावं. एकाने बोलण्यात गुंतवायचं आणि दुसऱ्याने पिशवी उचलायची, ही जुनी पद्धत आहे.

पार्किंगची पावती आणि 'मालकाच्या जबाबदारीवर' पाटी

पार्किंगचे पैसे घेतले जात असतील तर पावती मागावीच. पावतीवर कोणाचं नाव आहे, तारीख आहे का, गाडीचा नंबर लिहिलाय का, हे पाहावं. पावतीच दिली जात नसेल तर पैसे कोण घेतंय हा प्रश्न ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला विचारता येतो.

'वाहने मालकाच्या जबाबदारीवर' अशी पाटी लावली की विषय संपतो, असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात सांगितलं की, पाहुण्याने गाडी चावीसकट हॉटेलच्या ताब्यात दिली असेल आणि हॉटेलच्या निष्काळजीपणामुळे ती चोरीला गेली असेल, तर अशी सूचना लिहून जबाबदारी झटकता येत नाही. मात्र इथे फरक समजून घ्यावा. त्या प्रकरणात गाडी ताब्यात दिली होती आणि गाडीच चोरीला गेली होती. आपण स्वतः गाडी लावली, चावी आपल्याकडेच ठेवली आणि आतलं पाकीट गेलं, तर दावा तितका भक्कम राहत नाही. रिसॉर्टमध्ये चावी काउंटरवर दिली असेल तर मात्र टोकन जपून ठेवावं.

चोरी झाली! पहिला तास

१. गाडीला लगेच हात लावू नये. फुटलेली काच, उचकटलेलं कुलूप, आजूबाजूची जागा यांचे फोटो काढावेत. स्वतःचा फोन गेला असेल तर सोबतच्याच्या फोनवरून काढावेत.

२. दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करावं, बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय बंद करावं. बँकेला कळवल्यानंतर झालेल्या व्यवहाराचा भार ग्राहकावर टाकता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक सांगतं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

३. ११२ वर फोन करावा. जागेचं नाव सांगताना जवळचं रिसॉर्ट, देऊळ किंवा रस्त्याचं नाव सांगावं.

४. समोर कोणाचे कॅमेरे आहेत ते पाहून ठेवावं आणि मालकाला चित्रण राखून ठेवायची विनंती करावी. बहुतेक यंत्रांत काही दिवसांनी जुन्यावर नवं चित्रण चढतं. तक्रारीत 'अमुक दुकानाचा कॅमेरा समोर आहे' असं लिहिलं तर पोलिसांचं काम सोपं होतं.

५. पिशवीत घराची किल्ली आणि पत्ता असलेला कागद दोन्ही असतील तर त्याच रात्री कुलूप बदलावं. शेजाऱ्याला फोन करून दारावर लक्ष ठेवायला सांगावं.

कोणतं पोलीस ठाणं?

चोरी किनाऱ्यावर झाली, लक्षात आली घरी येऊन, असंही होतं. वसई-विरारचा भाग १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाखाली आहे. तुळिंज पोलीस ठाणं नालासोपारा पूर्वेसाठी आहे, तर अर्नाळ्यासाठी अर्नाळा सागरी पोलीस ठाणं आहे. पण कोणती हद्द लागते ते शोधत फिरायची जबाबदारी तक्रारदाराची नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, दखलपात्र गुन्ह्याची खबर गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी नोंदवून घ्यावी लागते. यालाच 'झिरो एफआयआर' म्हणतात. म्हणजे राजोडीला झालेल्या चोरीची खबर तुळिंज ठाण्यात देता येते, ती नंतर योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. मालवणात चोरी झाली आणि गाडी सुटायची वेळ झाली, तरी हाच मार्ग आहे. खबर ऑनलाईनही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते.

पाच हजारांची रेघ

इथेच बरेच जण अडकतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पण चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. पाच हजारांखालची अशी चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र वर्गात टाकली आहे. म्हणजे पोलीस 'एनसी' नोंदवू शकतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही.

म्हणून तक्रारीत गेलेल्या प्रत्येक वस्तूची खरी किंमत लिहावी. घाबरलेला माणूस 'पाकीट गेलं, आत तीनशे रुपये होते' एवढंच सांगतो आणि त्याच पिशवीतला बारा हजारांचा मोबाईल किंवा चांदीचे पैंजण सांगायचं विसरतो. किंमत फुगवूही नये. खोटी माहिती पुढे आपल्याच अंगाशी येते. मोबाईलचं बिल, चष्म्याची पावती, जे असेल ते जोडावं.

रिक्षा, टेम्पो, बस अशा प्रवासी किंवा माल वाहतुकीच्या वाहनातून वस्तू चोरीला गेली तर कलम ३०५ आहे, त्यात शिक्षा सात वर्षांपर्यंत. तुळिंजच्या रिक्षावाल्यांनी हे लक्षात ठेवावं. गाडीची काच, कुलूप तोडल्याचं नुकसान कलम ३२४ खाली वेगळं मांडता येतं.

आणखी एक गोष्ट. 'चोरी' आणि 'गहाळ' यांत फरक आहे. वस्तू हरवल्याची नोंद केली की गुन्हा दाखल होत नाही, तपासही होत नाही. कुलूप तुटलेलं असेल तर ती हरवलेली वस्तू नाही. कागदावर काय लिहिलंय ते वाचूनच सही करावी.

गुन्हा नोंदवून घेतला नाही तर आधी वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना भेटावं, मग पोलीस उपायुक्तांकडे लेखी अर्ज टपालाने पाठवावा. तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तपास कुठवर आला हे तक्रारदाराला ९० दिवसांच्या आत कळवणं नव्या कायद्यात बंधनकारक आहे.

पावसाळ्यात धबधब्यांवर मनाई आदेश असतो. तिथे गाडी फुटली तर 'आपणच बंदी मोडून गेलो' म्हणून लोक गप्प बसतात. आदेश मोडल्याची कारवाई वेगळी आणि चोरीची तक्रार वेगळी. बंदी असलेल्या जागी जाऊ नये, हे खरंच. पण त्यामुळे चोराला माफी मिळत नाही.

मोबाईल बंद कसा करायचा?

केंद्राच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर सीईआयआर ही सोय मे २०२३ पासून देशभर सुरू आहे. त्यावर फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक टाकून हँडसेटच बंद करता येतो. मग चोराने सिम बदललं तरी देशातल्या नेटवर्कवर तो फोन चालत नाही. यासाठी पोलीस तक्रारीची प्रत आणि ओटीपीसाठी चालू नंबर लागतो. नवं सिम घेतल्यावर सुरुवातीचे २४ तास एसएमएस येत नाहीत, हे धरून चालावं. फोन सापडल्यावर याच ठिकाणी तो पुन्हा सुरू करता येतो.

आयएमईआय क्रमांक आत्ताच *#०६# दाबून पाहावा आणि घरातल्या वहीत लिहून ठेवावा. फोन गेल्यावर तो फोनमध्ये शोधता येत नाही.

स्वस्तात मिळालेला, बिल नसलेला फोन घेणाऱ्यांनीही सावध राहावं. चोरीचा माल आहे हे माहीत असताना तो घेणं हा कलम ३१७ नुसार गुन्हा आहे.

विमा काय देतो?

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीसाठी काही मिळत नाही. संपूर्ण विमा असेल तर फुटलेली काच, तुटलेलं कुलूप यांचा दावा करता येतो. पण गाडीत ठेवलेला मोबाईल, लॅपटॉप, पैसे त्यात येत नाहीत. सामानासाठी आणि चावीसाठी वेगळं जादा संरक्षण घ्यावं लागतं, आणि त्यातही रोख रक्कम सहसा धरत नाहीत. कागद घेताना एजंटला हे विचारून घ्यावं.

गाडीच चोरीला गेली तर एफआयआर लगेच करावा आणि कंपनीलाही त्याच दिवशी कळवावं. पोलिसांत वेळेवर तक्रार केली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात सांगितलं आहे. गाडीच्या दोन्ही चाव्या कंपनी मागते, त्या सांभाळून ठेवाव्यात.

माल सापडला तर

पोलिसांनी जप्त केलेला माल म्हणजे मुद्देमाल. तो न्यायालयाच्या आदेशाने मूळ मालकाला परत मिळतो. खटला संपेपर्यंत थांबावं लागतं असा अनेकांचा समज आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात स्पष्ट केलंय की असा माल ठाण्यात दीर्घकाळ पडू देऊ नये. पंधरा दिवस ते महिना, त्याहून जास्त नाही. फोटो, पंचनामा आणि बंधपत्र घेऊन तो परत देता येतो. बिल किंवा आयएमईआय जवळ असेल तर मालकी दाखवणं सोपं जातं.

चोर हाती लागला तर

डोळ्यासमोर चोरी करणाऱ्याला सामान्य नागरिकही पकडू शकतो, पण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असला पाहिजे. त्याला विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मारायचा अधिकार कोणालाही नाही. नुसत्या संशयावर तर नाहीच. आपल्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे १६ एप्रिल २०२० च्या रात्री चोर समजून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा जीव घेतला. गाडीजवळ फिरणारं पोरगं भुरटं असेल, नाहीतर बाटल्या गोळा करणारं असेल. फोटो काढा, ११२ ला कळवा, अंगावर हात टाकू नका.

गावाने आणि व्यावसायिकांनी काय करावं?

पर्यटक एकदा लुटला गेला की तो परत येत नाही आणि दहा जणांना सांगतो. त्यामुळे हा प्रश्न टपरीवाल्याच्या धंद्याचाही आहे. खर्च फार नाही : पार्किंगच्या जागेतली खालची झुडपं छाटणं, संध्याकाळसाठी दोन दिवे, काउंटरकडे तोंड करून लावलेला एक कॅमेरा गाड्यांकडे वळवणं, नंबर घातलेली पावती आणि आत शिरताना दिसेल असा एक फलक. फलकावर पोलीस ठाण्याचं नाव, फोन आणि '११२' ठळक लिहावं. गावातल्या महिला बचत गटाने सामान ठेवायची कुलपाची पेटी भाड्याने चालवली तर गावालाही चार पैसे मिळतील आणि पाहुण्याचाही घोर जाईल. हे विषय ग्रामसभेत मांडता येतात.

थोडक्यात लक्षात ठेवा

– आयएमईआय, बँकेचा क्रमांक आणि घरच्या दोन जणांचे नंबर कागदावर लिहून ठेवा.
– घराची किल्ली आणि आधार कार्ड एका पिशवीत ठेवू नका.
– सामान घरीच डिक्कीत ठेवा, किनाऱ्यावर नाही. शक्य असेल तर नेऊच नका.
– एक जण कायम पाण्याबाहेर.
– चोरी झाल्यावर आधी सिम आणि बँक, मग ११२, मग ठाणं.
– 'चोरी' लिहून घ्या, 'गहाळ' नाही. प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.